ट्राउटसाठी फ्लायचा आकार कसा ठरवावा? (तीर्थन नदी, ऑक्टोबर)

गोदाकाठ | ४ सप्टेंबर

सर्वांना नमस्कार. गेली बारा वर्षे मी गंगापूर आणि दारणा धरणांच्या फुगवट्यावर गळ टाकून बसतो आहे. कणकेच्या गोळीवर राहू-कटला आणि गांडुळावर जे काही लागेल ते, एवढाच माझा अनुभव आहे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी हिमाचलातील तीर्थन नदीवर ब्राउन ट्राउटसाठी जातो आहे आणि तेथे आयुष्यात प्रथमच फ्लाय, म्हणजे गळावर पिसे-दोरा बांधून केलेली कीटकासारखी नक्कल, वापरणार आहे. काठी, रील आणि दोर यांची जुळवाजुळव झाली आहे. अडचण फ्लायच्या आकाराची आहे. विक्रेत्याच्या यादीत १० क्रमांकापासून २२ क्रमांकापर्यंत तीच ती फ्लाय सहा-सहा आकारांत दिसते आणि प्रत्येक आकार घ्यायचा म्हटले, तर प्रवासखर्चापेक्षा फ्लायचा खर्च अधिक होईल.

माझे प्रश्न असे आहेत. फ्लायचा आकार खरोखरच तिच्या रंगरूपापेक्षा महत्त्वाचा असतो का? असल्यास, नदीवर उभे असताना तो कशावरून ठरवायचा? आणि नवख्या माणसाने पाच-सहा दिवसांसाठी कोणते मोजके आकार सोबत न्यावेत?

सातपूरचा_फिटर

गोदाकाठ, प्रश्नांकडे वळण्यापूर्वी क्रमांकांविषयी लिहितो, कारण तेथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. गळाचा क्रमांक वाढतो तसा गळ लहान होतो. आमच्या कारखान्यात पत्रा आणि तार गेजवर मागवतात, तेथेही १६ गेजचा पत्रा २२ गेजपेक्षा जाड असतो. हेच डोक्यात ठेवले म्हणजे चूक होत नाही. १ क्रमांकाच्या पलीकडे मात्र मोजणी उलटी फिरते. १/० हा १ पेक्षा मोठा असतो आणि २/० त्याहूनही मोठा. ट्राउटच्या कामात तिकडे जाण्याची वेळ सहसा येत नाही. फ्लायचे गळ बहुतेक करून सम क्रमांकांतच मिळतात, म्हणून १५ किंवा १७ शोधत बसू नये.

आणखी एक गोष्ट अशी की, या क्रमांकांना जगभर पाळले जाणारे एकच प्रमाण नाही. मी वेगवेगळ्या उत्पादकांचे १६ क्रमांकाचे गळ व्हर्निअरने मोजले आहेत आणि त्यांच्या दांड्याच्या लांबीत सहज नजरेला येईल एवढा फरक सापडला आहे. पाकिटावर ‘२एक्स लाँग’ असे लिहिलेले असेल, तर दांडा साधारणपणे दोन क्रमांक मोठ्या गळाइतका लांब असतो, असे समजावे.

मालेगावचे_सूत

फिटरसाहेबांच्या उदाहरणाला आमच्या यंत्रमागाची जोड देतो. साठ काउंटचे सूत तीस काउंटच्या सुतापेक्षा बारीक असते. काउंट वाढला की सूत बारीक होते, तसाच क्रमांक वाढला की गळ लहान होतो.

टाकेवैद्य

शस्त्रक्रियेच्या धाग्यांत मात्र ६-० हा धागा ३-० पेक्षा बारीक असतो, म्हणजे शून्याच्या आधीचा आकडा वाढला की धागा बारीक होतो. गळात ३/० हा १/० पेक्षा मोठा. दोन्ही कामे करणाऱ्या माणसाने हा भेद लक्षात ठेवावा. मी स्वतः पहिल्या खरेदीत येथेच चुकलो होतो.

हिमवाट

गोदाकाठ, तीर्थनवर मी पाच वेळा गेलो आहे, त्यांपैकी तीन वेळा ऑक्टोबरमध्ये. त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर ‘होय’ असे आहे. ट्राउट प्रवाहात एका जागी, पाणी येते त्या दिशेला तोंड करून उभा असतो आणि पाणी जे वाहून आणते, त्यातले खाण्याजोगे निवडतो. दिवसभर त्याच्यासमोरून एकाच जातीचे, जवळपास एकाच आकाराचे कीटक जात असतील, तर त्या आकाराची त्याला सवय होते. त्या वेळी रंग थोडा वेगळा असलेली फ्लाय तो घेऊ शकतो, परंतु दुप्पट आकाराची फ्लाय आली की तो अंग चोरून बाजूला होतो. मी हे स्वच्छ पाण्यात, पुलावर उभा राहून, अनेकदा पाहिले आहे. म्हणून माझा क्रम असा असतो: आधी आकार, मग शरीराची ठेवण, मग रंग.

आता ऑक्टोबरविषयी. पावसाळा सरलेला असतो, वरचे बर्फ वितळण्याचा हंगाम केव्हाच संपलेला असतो, पाणी उतरते आणि काचेसारखे स्वच्छ होते. अशा पाण्यात मासा सावध असतो आणि कीटकही लहान असतात. मे-जूनमध्ये बर्फाच्या पाण्याने नदी गढूळ आणि जोरकस असते, तेव्हा मी ८ आणि १० क्रमांकाच्या निम्फ, म्हणजे पाण्याखालच्या किड्यांची नक्कल करणाऱ्या बुडत्या फ्लाय, वापरल्या आहेत. त्याच ठिकाणी ऑक्टोबरमध्ये मला १६ आणि १८ पर्यंत खाली यावे लागले. सकाळी लवकर उठून नदीवर जाण्याची घाईही करू नका. थंडीमुळे पाण्यातील हालचाल साधारण अकराच्या सुमारास सुरू होते आणि दुपारी तीननंतर सूर्य डोंगराआड गेला की मंदावते.

ट्राउट खातो ते कीटक कोणते, हेही सांगायला हवे. मेफ्लायपैकी बेटिस कुळातले लहान कीटक १६ ते २० क्रमांकात बसतात. कॅडिस, म्हणजे बसताना पंख घराच्या छपरासारखे मिटणारा कीटक, १४ ते १८ मध्ये येतो. स्टोनफ्लाय मोठी असते, तिच्या निम्फसाठी ६ ते १० क्रमांकाचे गळ लागतात. मिज, म्हणजे चिलटासारखे कीटक, फार बारीक, २० आणि त्यापुढच्या क्रमांकांचे. नाकतोड्याची नक्कल ८ ते १२ क्रमांकावर आणि मुंगीची १४ ते १८ क्रमांकावर बांधतात. लहान माशांची नक्कल करणारे स्ट्रीमर ४ ते १० क्रमांकाचे असतात.

एक सूचना अगत्याने करतो. हिमाचलात ट्राउटच्या पाण्यात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मासेमारी बंद असते, कारण तो त्यांचा विणीचा काळ आहे. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात काही मासे उथळ खडीवर जमू लागलेले दिसतात. तेथे गळ टाकू नका आणि त्या खडीवरून चालू नका. परवाना मत्स्य विभागाकडून आधीच घ्यावा.

एकच_सोळा

हिमवाट यांच्या अनुभवाचा आदर राखून मी वेगळे मत मांडतो. माझ्या सदस्यनामावरूनच माझी बाजू कळेल. मी तीर्थनवर, काश्मीरमध्ये लिद्दरवर आणि मुन्नारच्या रेनबो ट्राउटवर मिळून जेवढे दिवस घालवले, त्यांतील बहुतेक दिवस १६ क्रमांकाच्या दोनच फ्लाय वापरल्या: एक फेझंट टेल निम्फ आणि एक ड्राय, म्हणजे पाण्यावर तरंगणारी फ्लाय. आकार बदलण्यात जो वेळ जातो, तोच वेळ फ्लाय नैसर्गिकपणे वाहवण्यात घालवला, तर मासे अधिक लागतात, असे माझे ठाम म्हणणे आहे.

दोर प्रवाहाने ओढला जाऊन फ्लाय पाण्याच्या वेगापेक्षा जलद किंवा आडवी सरकू लागते, त्याला ‘ड्रॅग’ म्हणतात. ड्रॅग असलेली अचूक आकाराची फ्लाय मासा नाकारतो आणि नवखा माणूस समजतो की आकार चुकला. मग तो १८ बांधतो, मग २० बांधतो, आणि चूक जेथे होती तेथेच राहते. गोदाकाठ, तुम्ही नवखे आहात, म्हणून मुद्दाम सांगतो की, आकाराच्या मागे लागण्यापूर्वी वाहवणे शिका.

निम्फच्या बाबतीत तर आकारापेक्षा वजन महत्त्वाचे ठरते. त्याच १६ क्रमांकाच्या गळावर पितळी मणी, टंगस्टनचा लहान मणी आणि टंगस्टनचा मोठा मणी अशा तीन प्रकारच्या निम्फ मी ठेवतो. टंगस्टनची घनता १९.३, तर पितळेची साधारण साडेआठ. म्हणजे तेवढ्याच आकारात दुपटीहून अधिक वजन मिळते. मासा तळाशी असेल आणि फ्लाय अर्ध्या पाण्यातूनच निघून जात असेल, तर तिचा क्रमांक कोणताही असला, तरी त्याला ती दिसण्याचा प्रश्नच येत नाही.

पाणकळा

एकच_सोळा दादा, वजनाविषयी तुमच्याशी पूर्ण सहमत, पण ‘सोळा पुरे’ हे मला पटत नाही.

तीर्थनसारखी नदी म्हणजे मोठमोठ्या धोंड्यांमधून उतरणारे पाणी. धोंड्यामागच्या हातभर जागेत मासा उभा असतो आणि फ्लाय त्याच्यासमोरून एक-दोन सेकंदांत निघून जाते. निरखून पाहायला त्याला सवड नसते. अशा जागी मी ८ किंवा १० क्रमांकाची जड स्टोनफ्लाय निम्फ खाली आणि तिच्या हातभर वर १६ क्रमांकाची लहान निम्फ, अशी जोडी वापरते. खालची जड निम्फ दोघींनाही तळाशी नेते. मागच्या खेपेस सर्वांत मोठा मासा मला त्या मोठ्या निम्फवर लागला आणि त्या वेळी पाणी स्वच्छच होते.

यामागचे कारणही मी समजून घेतले आहे. पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे जग एका वर्तुळाकार खिडकीतूनच दिसते, कारण पाण्याच्या पृष्ठभागावर प्रकाश वळतो. या खिडकीचा व्यास माशाच्या खोलीच्या सव्वादोन पट असतो. मासा ३० सेंटिमीटर खोल असेल, तर खिडकी सुमारे ६८ सेंटिमीटर रुंद. तो पृष्ठभागाजवळ येतो तशी खिडकी आक्रसते. वेगवान पाण्यात एवढ्या खिडकीतून ड्राय फ्लाय क्षणात पार होते. उलट, संथ डोहात तीच फ्लाय रेंगाळत जाते आणि मासा तिच्याखाली तरंगत येऊन तिची परीक्षा घेतो. त्यामुळे मी आकार महिन्यावरून ठरवत नाही, समोरच्या पाण्याच्या वेगावरून ठरवते. एकाच दिवशी, शंभर पावलांच्या अंतरात, मी १० वरून १८ वर गेले आहे.

गोदाकाठ

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले, याबद्दल आभारी आहे. गेज आणि काउंट यांच्यामुळे क्रमांकांची उलटी चाल पक्की झाली. आता माझी अडचण अशी आहे की, हिमवाट म्हणतात त्याप्रमाणे कीटक ओळखणे मला एका फेरीत जमणार नाही. बेटिस आणि कॅडिस यांतला फरक मी पुस्तकात पाहिला, तरी नदीवर तो ओळखता येईल, याची मला खात्री वाटत नाही.

द्राक्षबाग_पिंपळगाव

गोदाकाठ, कीटकाचे नाव कळलेच पाहिजे असे नाही. त्याची लांबी कळली की निम्मे काम होते, आणि लांबी मोजायला आम्ही बागाईतदार तुम्हाला शिकवू शकतो.

द्राक्षाच्या बागेत फुलकिडे आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी आम्ही फुलोऱ्याचा घड पांढऱ्या कागदावर हलकेच झटकतो. मिलिमीटरभराचा किडा हिरव्या घडात दिसत नाही, पण पांढऱ्या कागदावर चालताना लगेच दिसतो. नदीवर मी हीच युक्ती वापरतो. पांढरी, सपाट तळाची प्लॅस्टिकची बशी सोबत नेतो आणि तिच्या तळाशी कायमच्या शाईने मिलिमीटरच्या रेघा आखून ठेवतो. घोटाभर पाण्यातला मुठीएवढा दगड उचलतो, बशीत थोडे पाणी घेऊन त्यावर दगडाची खालची बाजू बोटाने अलगद धुतो. काही क्षणांत चपटे, तीन शेपट्यांचे किडे बशीत धावू लागतात, आणि खडे चिकटवून केलेली घरकुलेही सापडतात. चार-पाच दगड पाहिले की सर्वाधिक संख्येने कोणत्या लांबीचे किडे आहेत, हे कळते. पाहून झाल्यावर दगड होता तसाच, त्याच बाजूने, परत ठेवावा.

लांबी मोजताना शेपट्या आणि मिशा सोडून फक्त अंग मोजायचे. माझ्याकडच्या साध्या ड्राय फ्लायच्या गळांचा दांडा १४ क्रमांकात ८ मिलिमीटरच्या आसपास, १६ मध्ये ७ च्या आसपास आणि १८ मध्ये ६ च्या आसपास भरतो. फिटरसाहेबांनी सांगितलेच आहे की हे उत्पादकागणिक बदलते, म्हणून प्रत्येकाने आपापले गळ त्याच बशीत ठेवून पाहावेत. दोन क्रमांकांमध्ये अडलो, तर मी लहान घेतो.

सातपूरचा_फिटर

ही बशीची पद्धत मला फार आवडली. प्रत्यक्ष वस्तू शेजारी ठेवून पाहण्याइतके खात्रीचे माप नाही.

इगतपुरी_धुके

मध्येच विचारतो, क्षमा असावी. फ्लायचा आकार बदलला की टिपेटही बदलावे लागते का? मी ऐकले आहे की त्यालाही क्रमांक असतात.

हिमवाट

होय, आणि हा प्रश्न मूळ विषयाचाच भाग आहे. टिपेट म्हणजे दोराच्या टोकाचा, फ्लाय जेथे बांधतात तो सर्वांत बारीक भाग. त्याची जाडी ‘एक्स’मध्ये सांगतात. ०एक्स म्हणजे एक इंचाचे ११ हजारांश, आणि पुढच्या प्रत्येक एक्सला एक हजारांश कमी. म्हणून ११ मधून एक्सचा आकडा वजा केला की जाडी हजारांश इंचात मिळते. ५एक्स म्हणजे ६ हजारांश, साधारण ०.१५ मिलिमीटर.

फ्लायच्या क्रमांकाला तीनने भागले की जवळपास योग्य एक्स येतो. १६ भागिले ३ म्हणजे ५ च्या थोडे वर, म्हणून ५एक्स. १२ ला ४एक्स, १८ ला ६एक्स. टिपेट फार जाड असेल, तर लहान फ्लाय ताठ दोऱ्याला अडकल्यासारखी वाहते. फार बारीक असेल, तर मोठी फ्लाय फेकताना ते पिळवटते आणि गाठीपाशी तुटते. एकच_सोळा ज्या ड्रॅगविषयी लिहितात, त्यातला काही ड्रॅग जाड टिपेटमुळेच येतो. तेव्हा आकार आणि वाहवणे या दोन गोष्टी त्यांनी मांडल्या तितक्या वेगळ्या नाहीत, असे मी नम्रपणे सुचवतो.

एकच_सोळा

टिपेटचा मुद्दा मान्य. फक्त एवढे जोडतो की, १६ वर ५एक्स लावून मी थांबतो आणि दिवसभर त्यात बदल करत नाही, म्हणून माझी गाठही चांगली बसते.

टाकेवैद्य

वय पन्नाशीच्या पुढे असलेल्या सदस्यांसाठी एक व्यवहाराची बाब. २० क्रमांकाच्या गळाच्या नेढ्यातून संध्याकाळच्या उजेडात टिपेट ओवणे फार कठीण जाते. जवळचा चष्मा गळ्यात अडकवलेला असावा. मी खोलीवरच दुपारी पाच-सहा लहान फ्लाय टिपेटच्या तुकड्यांवर बांधून, फोमच्या पट्टीवर गुंडाळून नेतो आणि नदीवर केवळ दोन फास जोडतो.

संथप्रवाह

आकार ठरवताना माशाचाही विचार व्हावा, म्हणून लिहिते. आपल्यापैकी बहुतेक जण मासा सोडून देतात. फार लहान फ्लाय म्हणजे फार बारीक टिपेट, आणि बारीक टिपेटवर मासा ओढता येत नाही. त्याला खेळवत बसावे लागते आणि तो थकतो. थंड पाण्यात तो सावरतो, पण पाणी २० अंशांच्या आसपास पोचले असेल, तर सोडल्यानंतरही त्याची शाश्वती राहत नाही. म्हणून जेथे १६ वर काम भागते, तेथे २० लावू नये, असे माझे मत आहे. या मुद्द्यावर मी एकच_सोळा यांच्या बाजूने आहे.

दुसरे म्हणजे गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करावा. लहान गळांच्या तारा बारीक असतात, म्हणून हे काम घरी, उजेडात, एकेक गळ हातात घेऊन करावे. एखादा तुटला, तर तो घरीच तुटलेला बरा.

गोदाकाठ

काटा दाबण्याचे काम आजच करतो. एक शंका राहून गेली होती. मी वाचलेल्या इंग्रजी पुस्तकांत २० आणि २२ क्रमांकांवर फार भर आहे. येथे मात्र कोणीच त्यांचा आग्रह धरलेला दिसत नाही.

जुना_नाशिककर

याचे उत्तर इतिहासात आणि भूगोलात आहे. ट्राउट मुळात आपल्या देशातला मासा नव्हे. १९०० साली स्कॉटलंडहून आणलेल्या अंड्यांतून काश्मीरमध्ये ब्राउन ट्राउट वाढवले गेले. कुल्लू खोऱ्यात महिली येथे १९०९ साली उबवणी केंद्र सुरू झाले आणि बियास नदीच्या खोऱ्यात हा मासा पसरला. नीलगिरीतही विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच ट्राउट रुजले. मासा आला, त्याच्यासोबत गोऱ्या साहेबांची पुस्तके आणि त्यांचे नियमही आले. ते नियम पुष्कळसे दक्षिण इंग्लंडातल्या खडूच्या प्रदेशातून वाहणाऱ्या, संथ आणि शेवाळवेलींनी भरलेल्या नद्यांवर तयार झालेले आहेत. तेथे मासा फ्लायकडे सावकाश पाहतो. पाणकळाताईंनी वर्णन केलेले धोंड्यांमधले पाणी तसे नाही. त्यामुळे पुस्तकातील २२ क्रमांक तेथे खरा असेल, पण तो तीर्थनला जसाच्या तसा लावू नये.

आपल्या गोदावरीत ट्राउट का नाही, असे नवे सदस्य अधूनमधून विचारतात, त्यांचेही समाधान करतो. या माशाला साधारण १० ते १६ अंशांचे, प्राणवायूने भरलेले पाणी मानवते. नाशिकचा उन्हाळा ध्यानात घेतला की उत्तर मिळते.

हिमवाट

जुना_नाशिककर काकांशी सहमत. एवढाच अपवाद सांगतो की, तीर्थनवरही पुलांच्या खाली लांब संथ डोह आहेत आणि तेथे संध्याकाळी मासे पृष्ठभागावर ओठ लावून बारीक मिज टिपताना दिसतात. अशा वेळी मी २० क्रमांकाशिवाय मासा लागलेला पाहिलेला नाही. म्हणून दोन-चार २० क्रमांकाच्या फ्लाय डबीत असाव्यात.

पाणकळा

गोदाकाठ, निघण्यापूर्वी फेकण्याचा सराव येथेच करून जा. मी गोल्फ क्लब मैदानावर सकाळी लवकर जाते आणि टिपेटच्या टोकाला गळाऐवजी केशरी लोकरीचा तुकडा बांधते, म्हणजे चालायला आलेल्या कोणाला इजा होत नाही. लोकरीचा तुकडाही लहान-मोठा करून पाहा. मोठा तुकडा हवेला अडतो आणि दोर उशिरा उलगडतो. १० आणि १८ क्रमांकांच्या फेकीत हाताला काय फरक जाणवतो, हे त्यावरून कळते.

गोदाकाठ | २९ सप्टेंबर

आपल्या सर्वांच्या सल्ल्यानंतर मी पुढीलप्रमाणे फ्लाय घेतल्या आहेत. १६ क्रमांकाच्या फेझंट टेल निम्फ आठ, त्यांत टंगस्टनचे मणी दोन मापांचे. १४ आणि १८ च्या निम्फ प्रत्येकी चार. १० क्रमांकाच्या स्टोनफ्लाय निम्फ तीन, पाणकळाताईंच्या शब्दाखातर. कॅडिसची ड्राय १४ आणि १६ मध्ये प्रत्येकी चार, आणि लहान ड्राय १८ मध्ये चार, २० मध्ये तीन. टिपेट ४एक्स, ५एक्स आणि ६एक्स. बशीवर रेघा आखून झाल्या आहेत. रविवारी पंजाब मेलने निघतो.

द्राक्षबाग_पिंपळगाव

यादी उत्तम आहे. प्रवास सुखाचा होवो. आल्यावर बशीतल्या नोंदी मात्र अवश्य कळवा.

गोदाकाठ | २१ ऑक्टोबर

परवा परतलो. दिलेल्या शब्दाप्रमाणे लिहितो.

पहिल्या दिवशी सकाळी सात वाजताच पाण्यात उतरलो आणि साडेदहापर्यंत एकही स्पर्श झाला नाही. मग हिमवाट यांचे शब्द आठवले, काठावर बसलो आणि बशी काढली. सात दगड धुतले. सर्वाधिक किडे ६ ते ७ मिलिमीटरचे, चपटे आणि तपकिरी होते. काही अगदी बारीक होते आणि केवळ एकच किडा दोन सेंटिमीटरच्या जवळपास भरला. त्यावरून १६ ची निम्फ बांधली. तरीही दुपारपर्यंत काहीच नाही. आकार चुकला असे समजून १८ लावली, तीही व्यर्थ गेली. येथे मला एकच_सोळा यांचे म्हणणे आठवले आणि मी पुन्हा १६ कडे आलो, परंतु जड मण्याची. तिसऱ्या फेकीत दोर थबकला. साधारण २३ सेंटिमीटरचा ब्राउन ट्राउट होता, अंगावर लाल ठिपके आणि त्यांभोवती फिकट कडा. त्याला पाण्यातच ठेवून गळ सोडवला, तेव्हा माझे हात कापत होते.

पाच दिवसांत एकूण अकरा मासे लागले. सात १६ च्या निम्फवर, दोन १८ वर आणि एक १० क्रमांकाच्या स्टोनफ्लायवर, मोठ्या धोंड्यामागे, पाणकळाताईंनी सांगितले होते अगदी तशाच जागी. तो मासा सर्वांत मोठा होता.

चौथ्या दिवशीची संध्याकाळ आठवणीत राहील. पुलाखालच्या संथ डोहात चार मासे वर येत होते. १६ ची कॅडिस टाकली. एक मासा तिच्याखाली वीतभर तरंगत आला, थांबला आणि मागे वळला. १८ ची लहान ड्राय टाकली, तेव्हाही तसेच झाले. मग टाकेवैद्यांच्या सल्ल्याने दुपारीच बांधून ठेवलेली २० काढली, ६एक्सवर. पहिल्याच वाहण्यात त्याने ती अलगद ओढून घेतली, मी घाईने झटका दिला आणि टिपेट तुटले. दुसऱ्या २० वर दुसरा मासा लागला, तो मात्र हाती आला आणि सोडला. संथप्रवाह यांचे म्हणणे ध्यानात ठेवून त्याला मिनिटभरही खेळवले नाही. लहान मासा होता, म्हणून ते जमले.

हिमवाट

मनापासून अभिनंदन. तो डोह मी ओळखला असे वाटते. तेथे माझीही तीन टिपेटे तुटली आहेत. ६एक्सवर झटका न देता नुसती काठी उचलायची असते. हे सांगायचे माझ्याकडून राहून गेले.

पाणकळा

धोंड्यामागच्या माशाचे वाचून फार आनंद झाला. त्या वेळी वरच्या बाजूला १६ ची लहान निम्फ होती का, की एकटी १० होती?

गोदाकाठ

जोडीच होती. वरच्या १६ ला त्याने स्पर्शही केला नाही.

एकच_सोळा

अभिनंदन, गोदाकाठ. संध्याकाळच्या डोहाबद्दल मी माझे मत बदलतो आणि पुढच्या खेपेस २० नेईन. निम्फविषयी एक तपशील हवा आहे. पहिल्या दिवशी हलका आणि जड अशा मण्यांची नेमकी मापे काय होती, आणि पाणी किती खोल होते?

गोदाकाठ

हलका मणी २.४ मिलिमीटरचा आणि जड ३.३ मिलिमीटरचा, दोन्ही टंगस्टनचेच. पाणी मांडीपर्यंत होते आणि प्रवाह बऱ्यापैकी जोराचा होता. २.४ च्या निम्फवर सकाळभर एकदाही तळाच्या दगडाला गळ घासल्याचे जाणवले नव्हते. ३.३ च्या पहिल्या दोन फेकींत ती दगडांना घासत गेली आणि तिसऱ्या फेकीत मासा लागला.